तीन ठोक्यांचं उत्तर

"मोटर चालू हाय, आवाज येतोय, खरं पाटाला पाणी न्हाय," विश्वजित उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "जाळीला कायतरी बसलंय. तुमच्याबिगर कोण उतरणार, आण्णा?"

जोतीराम भाकरी खात होता. त्याने तोंडातला घास सावकाश संपवला, पाणी प्यायला आणि मगच मान वर केली. पाणीपुरवठा संस्थेच्या सेक्रेटरीने आपल्या दारात येऊन असं म्हणावं, याची तो दोन महिने वाट बघत होता. आता ती वेळ आल्यावर इतक्या लगेच उठून चालणार नव्हतं.

"मोबाईलवर मोटर चालू हुतीया न्हवं? मग जाळी बी मोबाईलवरच झाडा की."

"आण्णा, उसाची पाळी चुकाय लागलीया. चेअरमन माझ्या नावानं बोंबलाय लागलेत."

जोतीरामची बायको अंबूबाई चुलीपुढूनच म्हणाली, "जावा की आता. दोन म्हैनं घरात बसून माझं डोकं खाल्लंसा, तेवढं बास झालं."

मग जोतीराम उठला, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि विश्वजितच्या गाडीवर मागे बसला. तेव्हा तो खुशीत होता. पुढे त्याने बाकी सगळं कबूल केलं. ही खुशी मात्र कुणालाच सांगितली नाही.

शिरोळच्या अंगाला कृष्णेच्या काठावर त्या संस्थेचं मोटरघर आहे. तिथे जोतीरामने एकतीस वर्षं काढली. मोटर चालू करायची, बंद करायची, पावसाळ्याआधी वर ओढून घ्यायची आणि दिवाळीनंतर पुन्हा बसवायची. याला कुणी मोठी नोकरी म्हणणार नाही, पण जोतीराम म्हणायचा. निम्म्या शिवाराचा ऊस माझ्या एका बोटावर पितो, असं तो पै-पाहुण्यांना ऐकवायचा. यंदा संस्थेने मोबाईल स्टार्टर बसवला. चेअरमन हंबीररावांनी घरी बसून एक फोन लावला की इकडे मोटर सुरू. जोतीरामला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला वेळ बघायचं काही कारण उरलेलं नाही त्याला लोक घड्याळ का देतात, कोण जाणे.

मोटरघराखालच्या डोहात डोहकर राहायचे. परक्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, त्यामुळे तिकडचे लोक सहसा सांगत नाहीत. उंचीला माणसाच्या कमरेएवढे, राखी गुळगुळीत कातडीचे, बोटांमध्ये पडदा, आणि कानामागे श्वासाच्या चिरा. काठाच्या पोटात त्यांची चाळीस घरं होती. प्रत्येक दारात एक गोटा असायचा आणि गोट्यावरून घर ओळखायचं. कारभार म्हाताऱ्या बायकांच्या हाती. सोयरीक खालच्या अंगाच्या डोहात. दोघांचं भांडण झालं तर त्यांनी एकमेकांचा हात धरून तळाशी बसायचं आणि राग उतरेपर्यंत सोडायचा नाही. ही रीत आपणही उचलावी असं जोतीराम ग्रामसभेत एकदा उठून म्हणाला होता, तेव्हा लोकांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं होतं.

डोहकर बोलत नाहीत, दगडावर दगड ठोकतात. त्यांच्यात सगळ्यात मानाचं काम ऐकणाऱ्याचं. तो मोटरच्या पाइपच्या तोंडाशी, जाळीला कान लावून बसायचा. वरून जोतीराम पान्याने पाइपवर तीन ठोके द्यायचा, म्हणजे मोटर चालू होतेय, सरा. ऐकणारा आधी बायाबापड्यांना बाजूला करायचा, मग स्वतः सरायचा, आणि पाइपच्या वरच्या अंगाला येऊन गोट्याने दोन ठोके द्यायचा, म्हणजे सरलो. मगच जोतीराम बटण दाबायचा. सीझनभर रोज हेच.

एकतीस वर्षं ऐकणारा एकच होता. जोतीराम त्याला "पावणं" म्हणायचा. एका वर्षी जोतीरामचा पाना हातातून निसटून डोहात गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो घाटाच्या पायरीवर पुसून ठेवल्यासारखा पडलेला होता. एकोणीसच्या महापुराआधी पावण्याने दिवसभर पाइप बडवला होता. जोतीराम गावात ओरडत फिरला आणि जनावरांसकट गाव टेकावर गेलं. त्या दोघांनी एकमेकांना नीट असं दोन-चार वेळाच पाहिलं असेल. पण रोज सकाळी कुणीतरी आपल्या ठोक्याची वाट बघतंय, ही गोष्ट माणसाला पुरते.

आणि तरीही ते झालं. स्टार्टर बसवायला आलेल्या माणसाने विचारलं होतं, "चालू करायच्या आधी अजून काही करावं लागतं का?" विश्वजितही तिथेच उभा होता. ठोके म्हणजे म्हाताऱ्याची सवय, मोटरीला हळदकुंकू लावतात तसं काहीतरी, असं या पोरांना वाटायचं. जोतीरामच्या खांद्यावर नवी शाल होती. त्याला राग आलेला होता. तो म्हणाला, "काय न्हाय."

ठोक्यांशिवाय पाणी नीट यायचं नाही, पहिल्या पाळीला संस्थावाले अडतील, मग येतील विचारत, असा त्याचा अंदाज होता. काल सकाळी सीझनची मोटर पहिल्यांदा सुरू झाली, तीही त्याला न कळवता. दुपारी तो मुद्दाम पाटाकडे गेला. पाणी बारीक वाहत होतं. ते बघून त्याला बरं वाटलं होतं.

मोटरघरापाशी आल्यावर त्याने विश्वजितला मोटर बंद करायला सांगितली, सदरा काढला आणि पाइप धरून उतरला. पाणी गार होतं. दोन पुरुष खाली जाळी आहे. तिथे डोळ्यांचा उपयोग नसतो, हातानेच बघावं लागतं. आधी पालापाचोळा लागला, एक प्लॅस्टिकची पिशवी लागली. त्यामागे खांदा लागला.

जोतीरामने तो खांदा पुन्हा चाचपला. मग मान, मग कान. कान जाळीला चिकटलेला होता, आणि कानामागच्या श्वासाच्या चिराही.

तो वर आला, श्वास घेतला, विश्वजितला काही न बोलता परत गेला. तीन बुड्या लागल्या. चौथ्या खेपेला तो पावण्याला दोन्ही हातांवर घेऊन वर आला आणि त्याने त्याला पायरीवर ठेवलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच उजेडात इतक्या जवळून. गालावर जाळीचे चौकोन उठले होते. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती आणि मुठीत गोटा होता, दोन ठोके द्यायचा.

जोतीरामने त्याच्यावर टॉवेल घातला. रडू येईल म्हणून तो जरा थांबला. आलं नाही. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं, त्या त्याने मोजल्या. पाच होत्या.

"डोहातलं हाय?" विश्वजितने लांबूनच विचारलं.

"व्हय."

"मेलंय?"

"व्हय."

विश्वजित खाली बसला. पोरगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. रस्त्याकडे बघून घेत म्हणाला, "आण्णा, मी काय म्हंतो, वरच्या उसात पुरूया. कुणाला कळाय नको. आन् पाणी चालू करूया."

"त्यांच्यात पुरत न्हाईत."

"मग?"

"परत द्यायचं. एकेका घरानं थोडा थोडा वेळ हातावर घ्यायचं आन् फुडच्याला द्यायचं. चाळीस घरं हुस्तवर कुणी ठोकत न्हाय." जोतीराम टॉवेलाचं टोक नीट करत होता. "इश्वजित, त्या माणसानं इचारलं तवा मी काय न्हाय म्हणालतो. ठोकं द्याय लागतात हे म्हाईत असून म्हणालतो. तुम्ही माझ्या दारात यावं म्हणून."

विश्वजित उठून उभा राहिला.

"ह्यो पळाला बी न्हाय," जोतीराम म्हणाला. "ठोकं आल्याबिगर मोटर चालू हुत न्हाय, हे त्याला पक्कं म्हाईत हुतं. म्हणून जाळीलाच कान लावून बसला. लांब असता तर वाचला असता."

"मला सांगितलंसा ते बास. मिटिंगीत सांगू नका."

"सांगणार."

त्याने पावण्याला टॉवेलासकट उचललं आणि पायऱ्या उतरला. या खेपेला पाइप धरायला हात मोकळा नव्हता. ओझ्याने तो आपोआप तळाशी गेला. पहिल्या घराचा गोटा पायाला लागला, तिथे तो गुडघ्यांवर बसला आणि हात पुढे केले. क्षणभर काहीच झालं नाही. मग अंधारातून पडद्याचे दोन हात आले, त्यांच्यामागे आणखी दोन, आणि त्यांनी पावण्याला उचलून घेतलं. टॉवेल तेवढा जोतीरामच्या हातात परत आला.

तो वर निघाला नाही. त्याने आपला उजवा हात उघडून पुढे धरला. त्यांची रीत त्याला माहीत होती. कुणीतरी हात धरावा, दम संपला तरी सोडू नये, एवढंच त्याला हवं होतं. त्याच्या भोवती पाणी हलत होतं, म्हणजे तिथे बरेचजण होते. कानात घणघण सुरू झाली, छाती आवळत आली. हात तसाच उघडा राहिला. कुणी धरला नाही.

शेवटी शरीरानेच त्याला वर आणलं.

संस्थेच्या मिटिंगीत त्याने सगळं सांगितलं. आरडाओरडा होईल असं वाटलं होतं, पण कुणी ओरडलं नाही. महापुरात ज्यांची जनावरं वाचली होती ते खाली बघत बसले. हंबीरराव बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत होते. मग म्हणाले, "स्टार्टर काढा. जोतीराम, तुम्ही उद्यापासनं या. ठोकायचं, उत्तर आलं की चालू करायचं. विश्वजित, तू तिथं हुबा ऱ्हायचं. खरं एक सांगतो, उत्तर येतंय तवरच हे. यायचं बंद झालं म्हंजे डोह रिकामा झाला. मग स्टार्टर परत जोडायचा. रिकाम्या डोहासाठी मानूस बसवाय परवडत न्हाय."

कुणाला त्यात काही चूक दिसली नाही. जोतीरामलाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तीन ठोके दिले. उत्तर आलं नाही. सुतक आहे, येणार नाही, असं त्याने विश्वजितला समजावलं. सहा दिवस मोटर बंद राहिली. शिवारात उसाची पानं वळायला लागली आणि लोक जोतीरामच्या दारावरून जाताना मोठ्याने बोलायला लागले. अंबूबाई घराबाहेर पडेनाशी झाली. एका रात्री जेवताना तिने विचारलं, "किती दिस असं?" तो भात कालवत राहिला. भात चांगला होता की नव्हता, तेही त्याला कळत नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी विश्वजित यायच्या आधी तो एकटाच डोहात उतरला. पहिल्या घराच्या दारात त्याने गोट्यासाठी पाय फिरवला. गोटा नव्हता. दुसऱ्या दारात नव्हता. काठ धरून तो एकेक दार चाचपत गेला, वर येऊन श्वास घेत, पुन्हा खाली जात. चाळीसही दारं रिकामी होती. गोटे घेऊन गेले होते, म्हणजे परत यायचं ठरवून गेले नव्हते. कुणीकडे, ते त्याला विचारायची सोय नव्हती. यापुढे पुराआधी पाइप कोण बडवणार, हा विचार त्याच्या मनात आला आणि नुसता पडून राहिला.

शेवटी त्याने जाळीभोवती हात फिरवला. वर, खाली, मागे. कुणी नव्हतं.

वर आला तेव्हा विश्वजित बटणापाशी उभा होता. जोतीरामने अंग पुसलं, पाना उचलला आणि पाइपवर तीन ठोके दिले. मग पाइपला कान लावून उभा राहिला. आपण खरं बोललो तर काय होईल, हे त्याला दिसत होतं. आजच स्टार्टर जोडला जाईल. उद्या, नाहीतर दहा वर्षांनी, त्यांच्यातलं कुणी परत फिरलं, जाळीपाशी येऊन बसलं, तर त्याला वरून काहीच ऐकू येणार नाही. एकदा "काय न्हाय" म्हणून बघितलं होतं त्याने.

"आलं का, आण्णा?"

"आलं," जोतीराम म्हणाला.

पाटाला पाणी सुटलं. संध्याकाळपर्यंत गाव सगळं विसरलंही.

आता रोज हेच चालतं. उजाडल्यावर जोतीराम येतो, सदरा काढतो आणि आधी खाली उतरतो. साठीला आलेल्या माणसाने मार्गशीर्षात असं उतरू नये, हे अंबूबाई त्याला रोज सांगते. गार पाण्यात त्याची बोटं बधिर होतात, त्यामुळे जाळी तो दोनदा चाचपतो. कुणी नाही याची खात्री झाली की लगेच वर येत नाही. तळाशी बसतो, उजवा हात उघडून पुढे धरतो, आणि दम संपेपर्यंत तसाच ठेवतो. मग वर येतो, अंग पुसतो, तीन ठोके देतो. दोन ठोक्यांना लागला असता तेवढा वेळ थांबतो, आणि "आलं" म्हणतो. विश्वजित बटण दाबतो.

परवा विश्वजितने बटण दाबायच्या आधी स्वतःच पाइपला कान लावला. बराच वेळ लावून उभा राहिला.

"मला कसं ऐकू येत न्हाय, आण्णा?"

"सवय लागती," जोतीराम म्हणाला, आणि पाना टॉवेलात गुंडाळून जागेवर ठेवला.