चौऱ्यांशी सालची कांडी

तुराट्यांच्या जाळावर शेतातल्या प्लास्टिकच्या पाईपचं तोंड गोल फिरवत माणिकप्पा ते मऊ व्हायची वाट बघत होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अशा वेळी हात सोडता येत नाही. जरा नजर चुकली की पाईप करपतो, आणि करपला नाही तर मान टाकतो. त्यांनी भुवईनंच बालाजीला खूण केली. बालाजीनं खिशातून फोन काढला आणि आवाज मोठा करून धरला.

शिरूर अनंतपाळात बालाजीच्या हॉटेलापुढं हिवाळ्यात रोज सकाळी ही शेकोटी पेटते. बसणारे ठरलेले. माणिकप्पा, हॉटेलवाला बालाजी आणि निवृत्त तलाठी अमृतराव, ज्यांना कागदावर नसलेली गोष्ट कधी पटलेली नाही.

"अप्पा, उज्वला बोलतेय. पाईपातलं पाणी गोठलंय."

उज्वला म्हणजे माणिकप्पांची नात. पार हिमाचलात, बर्फातल्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून दिवाळीनंतर रुजू झालेली.

"सगळंच गोठलंय?"

"टाकीत पाणी हाय, पण नळाला थेंब न्हाई. रात्री उणे अठरा व्हतं. मिस्त्री खाली अडकलाय, रस्ता बंद हाय. दुपारपर्यंत पाणी आलं न्हाई तर मुख्याध्यापिका मॅडम वसतिगृह बंद करून मुलींना आपापल्या गावी पाठवणार. दहावीच्या चौदा जणी हाईत, अप्पा. एकदा घरी गेल्या की त्यातल्या अर्ध्या परत यायच्या न्हाईत. त्यांनीच सांगितलंय मला."

"मग मॅडमला म्हणावं, दम धर जरा."

उज्वलानं आवाज खाली आणला.

"मी सांगून बसलेय, आमच्या अप्पांनी गोठलेला पाईप मोकळा केलता. मला येतं म्हणून."

अमृतरावांना खोकला आला. तो त्यांनी मफलरमध्ये दाबला.

कारण ती गोष्ट मुखेडच्या बाजारापर्यंत पोचलेली होती. चौऱ्यांशी सालच्या थंडीत माणिकप्पांनी म्हणे पहाटे मोटार चालू केली, तर पाईपातून पाण्याऐवजी दीड हात लांब बर्फाची कांडी बाहेर आली. एकामागून एक येतच राहिली. गड्यांनी मोळ्या बांधल्या. एक म्हातारा तर ऊस समजून सोलायला बसला. सांगताना माणिकप्पा त्या म्हाताऱ्याचं नाव, गाव आणि पडलेले दात, सगळं सांगायचे.

आता बालाजी आणि अमृतराव दोघंही त्यांच्या तोंडाकडं बघून राहिले होते.

"नळ उघडे हाईत का?" माणिकप्पांनी विचारलं.

"न्हाई. बंद केलेत."

"सगळे उघड आधी. बर्फ सुटला तर त्याला निघायला वाट नको? ठिबकची नळी तुंबली की आपण पहिलं शेवटचं बूच काढतो का न्हाई?"

"हाव. अन् चौकीदार स्टोव्ह घेऊन आलाय. पाईप शेकतो म्हणतोय."

माणिकप्पांनी हातातल्या पाईपकडं पाहिलं. बोलण्याच्या नादात त्याचं तोंड म्हाताऱ्या बैलाच्या ओठासारखं लोंबायला लागलं होतं.

"तुमचा पाईप लोखंडी का प्लास्टिकचा?"

"प्लास्टिकचा."

"मग जाळ दाखवायचा न्हाई. उकळतं पाणीबी न्हाई. त्या चौकीदाराला म्हणावं, स्टोव्हवर चहा ठेव. पाईप उघड्यावर कुठं येतोय?"

"मागच्या भिंतीला. चारेक हात. तिथं ऊन येत न्हाई."

"तिथंच बसलाय तो. टाकीतलं पाणी बादलीनं काढ, कोमट कर. गोणपाट बुडवून पाईपला गुंडाळ, गार झालं की बदल. पण सुरुवात नळाच्या अंगानं. टाकीकडून सुरू केलंस तर वितळलेलं पाणी मधीच कोंडंल अन् पाईप फाटंल."

"किती वेळ लागंल?"

"चौऱ्यांशी साली दोन तास लागले व्हते," माणिकप्पा म्हणाले. पापणीसुद्धा हलली नाही.

फोन बंद झाला. अमृतराव काहीतरी बोलणार होते, पण माणिकप्पांनी वाकडा झालेला पाईप दुसऱ्या पाईपवर चढवायला घेतला. तो चढला नाही. त्यांनी पुन्हा लावून पाहिला. पुढ्यातला चहा गार झाला, बालाजीनं दुसरा आणून ठेवला, त्याच्यावरही साय आली. शेकोटी विझली तरी कुणी उठलं नाही.

साडेदहाला आधी फोटो आला. बादलीत वीतभर लांबीची, बोटाएवढी जाड, काचेसारखी बर्फाची कांडी. मागं तोंडावर हात घेऊन हसणाऱ्या मुली. बालाजीनं फोटो बोटांनी मोठा केला आणि अमृतरावांपुढं धरला. अमृतरावांनी चष्मा पुसून पाहिला.

मग फोन वाजला. या वेळी माणिकप्पांनी तो स्वतः घेतला, कानाला घट्ट लावला आणि हॉटेलाच्या मागं गेले.

"आलं पाणी. मॅडम म्हणाल्या, राहू द्या मुलींना."

"येणारच व्हतं."

"अप्पा, एक सांगू? आपल्या शेतात मोटार नव्वद साली बसली. आजीनं मला सातवीत असतानाच सांगितलं व्हतं."

माणिकप्पांनी भिंतीचा एक पोपडा नखानं काढला.

"मग मला कशाला फोन केलास?"

"हितं सगळे खरंच बोलत व्हते, अप्पा. व्हणार न्हाई, जमणार न्हाई म्हणून."

ते परत आले तेव्हा अमृतराव उभे होते. डोक्यावरची टोपी त्यांच्या हातात होती.

"तीस वर्षं मी तुम्हाला खोटं ठरवत आलो. चुकलं माझं, अप्पा."

माणिकप्पांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते बालाजीलाही कळलं नाही.

बाजाराच्या दिवशी हॉटेलात मुखेडकडचे चार पाहुणे बसले होते. बालाजीनं भिंतीला तो फोटो मोठा करून चिकटवला होता. त्यानं हौसेनं हाक मारली, "अप्पा, ह्यांना ती कांडीची सांगा. आता पुरावाच हाय."

अमृतराव बाकावर सरकले, जागा करून दिली. माणिकप्पा बसले. त्यांनी फोटोकडं बराच वेळ पाहिलं, बशीत चहा ओतला.

"राहू द्या ती," ते म्हणाले. "खरी झाली आता. तिच्यात काय राहिलंय?"

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. माणिकप्पांनी चहाचा एक घोट घेतला. मिशी पुसली.

"एकदा किल्लारीकडं ऊन गोठलं व्हतं. ज्वारीवर असं पडलं ते उचलंच ना. शेवटी खुरप्यानं खरवडून काढावं लागलं."

बालाजी हसणार होता. अमृतरावांनी त्याला हातानं थांबवलं आणि बाकावर पुढं सरकून बसले.

"कोणत्या साली?" त्यांनी विचारलं.