पाकिटं सांभाळा!

तीस वर्षं कंडक्टरने बसमध्ये एकच मंत्र म्हटला, "पाकिटं सांभाळा, चोर चढलेत!" लोकांना तो देवमाणूस वाटे. आरोळी ऐकली की जो तो घाईघाईने आपला खिसा चाचपायचा, आणि माल कुठे आहे ते चोरांना न शोधता कळायचं. आपण कोणाची चाकरी केली हे कंडक्टरला निवृत्तीनंतर उमगलं, तेही स्वतःचा खिसा मारला गेल्यावर.

बाजाराच्या थांब्यावर कोणीतरी तसंच ओरडलं आणि त्याचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. एकाने धक्का दिला, दुसऱ्याने "सांभाळून, काका" म्हणत मायेने सावरलं. घरी येऊन बघतो तर मागच्या खिशातलं फुगीर पाकीट जागच्या जागी, आणि वरच्या खिशातली चष्म्याची डबी गायब.

चष्मा बायकोचा होता. तिला जाऊन चार महिने झाले होते. मोडलेली दांडी तिनेच दोऱ्याने बांधली होती, कारण "उद्या दुकानात देतो" असं हा दोन वर्षं म्हणत होता.

चौकीतल्या हवालदाराने विचारलं, "किंमत किती?"

"काहीच नाही."

"मग चोरी कसली? उलट चोरालाच भुर्दंड."

दुसऱ्या दिवशी कंडक्टर चहाच्या टपरीमागे खिसेकापूंच्या उस्तादाला गाठायला गेला. या उस्तादाला त्याने आयुष्यात पन्नासदा तरी बसमधून खाली उतरवलं होतं. आता तो बसल्या जागेवरून धंदा सांभाळत होता.

"या, या कंडक्टरसाहेब! तुमच्या कृपेने आमची लेकरं शिकली."

"थट्टा पुरे. माझी डबी दे."

उस्तादाने बाकाखालून डबी काढली. "ही तुमची होय? कालपासून आमच्या गड्याला शिव्या घालतोय मी. पण त्याचं काय चुकलं म्हणा! तुम्ही चाचपलंत, त्याने उचललं. दोऱ्याने बांधलेला चष्मा इतका जीव लावून कोण चाचपतं, राव?"

कंडक्टरने डबीसाठी हात पुढे केला.

"वहिनींचा?"

त्याने मान हलवली. उस्तादाने काचा आपल्या शर्टाला पुसल्या, चष्मा नीट डबीत ठेवला आणि हातात दिला. "न्या. पण थांब्यावर आजही आमची माणसं आहेत बरं का. ओळख वेगळी, धंदा वेगळा."

थांब्यावर आरोळी आलीच. कंडक्टरचा हात छातीकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्याने वळून, चारचौघांना दिसेल असं, मागचं पाकीट दोनदा थोपटलं. धक्का बसला. "सांभाळून, काका."

"सांभाळलंय हो," तो म्हणाला.

घरी मागचा खिसा सपाट होता. त्याने डबी टेबलावर उघडली. "अगं, आज चोरांना गंडवलं मी," तो म्हणाला. दांडीवरची गाठ सैल झालेली दिसली. दुकानात द्यायला आता पैसे नव्हते. त्याने तिचा सुईदोऱ्याचा डबा काढला.