कुणाचा हात हलला

"फ्लॅश नको हं, काका," दिग्दर्शक पहिल्या रांगेतून ओरडला.

"माझ्याकडे फ्लॅश नाहीच. उभ्या आयुष्यात वापरला नाही," खांबकाका म्हणाले आणि विंगेच्या भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले.

रंगीत तालीम सुरू झाली. रंगमंचावर एकच दिवा होता आणि तोही दिग्दर्शकाला जास्त वाटत होता. खांबकाकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, कोपरं बरगड्यांत रुतवली, श्वास रोखला. शटरचं बटण अर्धं दाबताच लेन्समध्ये बारीक गुणगुण झाली आणि समोरचं थरथरतं चित्र जागच्या जागी बसलं. गुणगुण ऐकू येऊ नये म्हणून ते हलकंसं खाकरले. हल्ली त्यांना फार खोकला झालाय, असं नाटकमंडळी म्हणत.

खांब हे नाव त्यांना नाट्यगृहानंच दिलेलं होतं. अंधारात, बराच वेळ उघड्या राहणाऱ्या हळू शटरवर, ट्रायपॉड न लावता हा माणूस असा उभा राही की नट चुकून त्याच्यावर आदळत आणि सेटचाच भाग समजून पुढे जात. एकीनं एकदा त्यांच्या खांद्यावर शाल वाळत घातली होती. बाहेरच्या दालनातल्या भिंतीवरचा फोटोन् फोटो त्यांचा. नव्या नटांना दिग्दर्शक ते फोटो दाखवून सांगे, "यातला एकही हललेला नाही. हात आहे की दगड!" त्यावर खांबकाकांच्या तोंडभर हसू पसरे.

तो हात गेल्या वर्षी फितूर झाला. आधी सदऱ्याची बटणं लागेनात, मग चमच्यातली डाळ ताटात परत यायला लागली, आणि मग एका नाटकाचे सगळेच्या सगळे फोटो हललेले निघाले. त्यांनी कॅमेऱ्याच्या कार्डावर खापर फोडलं. नंतर परगावच्या अशा एका दुकानात गेले जिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि स्टॅबिलायझरवाली लेन्स घेऊन आले. या लेन्समध्ये काचेचा एक भाग मोकळा असतो. हात एकीकडे झुकला की तो दुसरीकडे सरकतो आणि चित्र जागेवर धरून ठेवतो. दुकानदारानं हे सगळं दाखवलं तेव्हा खांबकाका म्हणाले, "मला नकोय हो. भाचीसाठी घेतोय." घरी आल्यावर त्यांनी लेन्सवरच्या अक्षरांवर आणि स्टॅबिलायझरच्या खटक्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

भाचीचं नाव त्यांनी घेतलं ही त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. भाची त्यांच्या हाताखालीच शिकली होती. पुढं तिनं स्वतःच्या कमाईतून पहिली लेन्स घेतली, ती अशीच, स्टॅबिलायझरवाली. नाट्यमंडळाच्या वर्धापनदिनाला हौसेनं मामाला दाखवायला आणली. मामांनी ती उंच धरून सगळ्यांना दाखवली. "बघा रे, कुबडी! हातपाय धड असलेल्या माणसाला ही कशाला लागते, सांगा." सभागृह हसलं. भाचीही हसली. त्यानंतर ती कधी या नाट्यगृहात फोटो काढायला आली नाही. "स्टुडिओत काम फार वाढलंय, मामा," एवढंच म्हणे.

आणि आज ती येणार होती. मंडळानं ठरवलं होतं की ज्यानं सगळ्यांचे फोटो काढले त्याचाच फोटो भिंतीवर नाही, हे बरं दिसत नाही. फोटो काढायला भाचीला बोलावण्याची कल्पना दिग्दर्शकाची. खांबकाकांनी आढेवेढे घेतले, सबबी सांगितल्या, शेवटी हो म्हणाले.

तालीम संपली तशी ती आली. केसांत थोडी पांढरी रेघ, खांद्याला जुनीच पिशवी. "कसे आहात, मामा?" म्हणाली. मामांनी दोन्ही हात खिशात घातले आणि "मजेत" म्हणाले.

ती कॅमेरा काढू लागली तेवढ्यात लाइटवाल्याला सुचलं. "अगं, काकांच्याच कॅमेऱ्यानं काढ ना! बाहेरच्या भिंतीवरचे फोटो ज्यानं काढले त्यानंच. कसलं भारी!"

"वा! द्या हो काका," दिग्दर्शक म्हणाला आणि खांबकाकांच्या गळ्यातून त्यानं कॅमेरा काढूनही घेतला.

भाचीनं कॅमेरा हातात घेतला. सवयीनं तिचं बोट लेन्सच्या कडेला गेलं, चिकटपट्टीवर थांबलं, पट्टीखालचा उंचवटा चाचपला. मग तिनं बोट काढून घेतलं. तिनं वर पाहिलंच नाही, आणि तिनं पाहिलं असतं त्यापेक्षा हे खांबकाकांना जास्त लागलं.

त्यांना स्टुलावर बसवलं. मागे सेटची भिंत, तिच्यावर एक खिळा, खिळ्याला सुतळी. दिग्दर्शकानं त्यांचा जुना, कधीचा बंद पडलेला कॅमेरा हातात दिला. "धरा. छातीपाशी. अस्सं." एकच दिवा चालू होता. भाचीनं कोपरं बरगड्यांत रुतवली, श्वास रोखला. हे उभं राहणं मामांचंच होतं. क्षणभर त्यांना अभिमान वाटला. शटर उघडलं आणि सावकाश मिटलं.

"पडद्यावर टाका, पडद्यावर!" मंडळी ओरडली. नाटकातल्या ढगांसाठी प्रोजेक्टर लावलेलाच होता. मागच्या पांढऱ्या पडद्यावर खांबकाका दोन पुरुष उंचीचे होऊन उभे राहिले.

चेहरा सुरेख आला होता. दाढीचे खुंट मोजता आले असते. भिंतीवरचा खिळा, सुतळीचा पीळ, सदऱ्याची वीण, सगळं लख्ख. फक्त छातीपाशी, जिथं हात आणि कॅमेरा असायला हवा होता, तिथं एक पुसट ढग होता. हात किती होते, बोटं किती होती, काही कळत नव्हतं.

ज्या लेन्सनं वर्षभर त्यांची थरथर लोकांपासून लपवली तिनं आज ती भिंतीएवढी करून दाखवली होती. लेन्स तरी काय करणार? धरणाऱ्याचा हात ती सांभाळते, समोरच्याचा नाही. हे खांबकाकांना ठाऊक होतं आणि तरी स्टुलावर बसताना त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं ते कधी कॅमेऱ्याच्या या बाजूला बसलेच नव्हते.

दिग्दर्शकानं डोळे बारीक केले. "हलला गं हा. काय झालं?"

"हो," भाची म्हणाली. "माझाच हात हलला. सॉरी हं, मामा."

"मामाचा हात काही आला नाही बाई तुझ्या वाट्याला!" लाइटवाला म्हणाला आणि सगळे मोकळे होऊन हसले. भाचीही हसली. त्या वर्धापनदिनाला हसली होती तशीच.

खांबकाकांनी बोलायला हवं होतं. पण हसणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर अजून त्यांचा तो दगडाचा हात शाबूत होता आणि तो सोडवेना. ते गप्प बसले. भाची म्हणाली, "मामा, आता हात खिशात घाला. रुबाबदार दिसाल." दुसरा फोटो छान आला. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर बायकोनं चहा आणून ठेवला. खांबकाका कपाकडे बघत राहिले.

"अर्धाच का?"

"काय अर्धा?"

"कप. रोज अर्धाच असतो. मी आज पाहिला."

बायको पदराला हात पुसत उभी राहिली. "दोनदा घेता ना. होतो पुरा."

"कधीपासून माहितीये तुला?"

"शर्टावर डाग यायला लागले तेव्हापासून," ती म्हणाली. "धुते कोण?"

त्यांना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. मग त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. लेन्स, पट्टी, दुकानातलं खोटं, आणि आजचं गप्प बसणं. बाकीचं तिनं ऐकून घेतलं. शेवटच्यावर मात्र म्हणाली, "पोरीनं पुन्हा तुमच्यापायी हसू करून घेतलं आणि तुम्ही बसून राहिलात? लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणूनच बसून राहिलो."

त्यांनी भाचीला फोन लावला. आधी इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "शटरचा वेग वाढवला असतास तर हात पकडले गेले असते. तुला कळत नाही असं नाही. मुद्दाम केलंस का? केलं असलंस तर बरोबरच केलंस. मी रागावणार नाही."



"मुद्दाम नाही, मामा. पट्टी हाताला लागली तेव्हाच वेग वाढवायचं मनात आलं होतं. पण मग एवढ्या कमी उजेडात फोटो दाणेदार, खरखरीत आला असता आणि तुम्हाला तसा आवडत नाही. आहे तो उजेड, हळू शटर, श्वास रोखून. तुम्ही समोर बसला होतात ना. म्हटलं, एकदा तरी तुम्हाला आवडेल असा काढावा."

खांबकाकांनी फोन खाली ठेवला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला प्रयोग होता. बाहेरच्या दालनात मंडळी चहाच्या टेबलापाशी जमली होती. प्रेक्षक यायला अवकाश होता. भिंतीवर मधोमध खिशात हात घातलेले रुबाबदार खांबकाका लटकत होते. खरे खांबकाका बायकोबरोबर आत आले, काखेत कागदात गुंडाळलेली चौकट. भाची आधीच येऊन कोपऱ्यात उभी होती. त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि कागद सोडून दुसरा लावला. खिळ्याला दोरी अडकवायला वेळ लागला. दिग्दर्शक मदतीला पुढे आला तर "राहू दे" म्हणाले.

"काका, अहो हा हललेला फोटो आहे," दिग्दर्शक म्हणाला.

"काय हललंय ते नीट बघ. भिंत हललीय? खिळा हललाय? तिचा हात हलला असता तर सगळंच हललं असतं. हिचा हात जराही हललेला नाही." आवाजही हातासारखाच व्हायला लागला होता. "हात माझा हललाय. वर्षभर हलतोय. तुम्ही वाखाणलेले वर्षभराचे फोटो या लेन्सनं धरलेत."

त्यांनी गळ्यातल्या कॅमेऱ्यावरची काळी पट्टी नखानं सोलायला घेतली. ती सुटेना. नख घसरायचं, पुन्हा लावायचं. सगळे बघत होते आणि कुणाला कुठं बघावं ते कळत नव्हतं. अखेर पट्टी निघाली.

"हिच्या लेन्सला मी कुबडी म्हणालो होतो, तुम्हा सगळ्यांसमोर. तुमच्यासमोरच शब्द परत घेतो. आणि काल ती माझं हलणं आपल्या अंगावर घेत होती तेव्हा गप्प बसलो, त्याला तर माझ्याकडे शब्दच नाही."

"मामा, असू द्या हो," भाची म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

मग दिग्दर्शक एकदम लगबगीनं टेबलाकडे वळला. "काका, चहा घ्या. उभे का? खुर्ची आणा रे काकांना!" आणि त्यानं स्वतः किटली उचलून कपात चहा ओतला. अर्धा. दोन्ही हातांनी, एखाद्या आजाऱ्याला द्यावा तसा पुढे केला.

खांबकाकांनी त्या अर्ध्या कपाकडे पाहिलं. आजपासून या दालनात असाच मिळणार होता. मान आपोआप खाली गेली.

भाचीनं मधेच हात घालून तो कप घेतला. किटली घेतली, काठोकाठ भरला आणि मामांसमोर धरला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. चहा काठावरून बोटांवर आला, मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत गेला. चांगलाच गरम होता. खुर्ची आली होती, पण ते बसले नाहीत. आपल्या फोटोखाली उभे राहून ते सगळ्यांसमोर चहा प्यायले, आणि भाची समोर उभी राहून बघत होती, नजर न वळवता.