पंधरापैकी चौदा

इस्पितळात स्मरणशक्तीची चाचणी घेण्याचं काम धाकटीचं. त्या दिवशी समोर कोण येऊन बसलंय, हे तिला फॉर्म वाचायच्या आधीच कळलं. केस पिकले होते, पण बोट वर करून बोलायची खोड तीच. ताईच्या कॉलेजातले मानसशास्त्राचे सर.

वीस वर्षांपूर्वी त्यांनी विद्यार्थ्यांची अशीच चाचणी घेतली आणि निम्म्यांना मुद्दाम खोटं सांगितलं, की तुमची स्मरणशक्ती फार कमी आहे. तासाभराने खरं सांगून सह्या घेतल्या. खरं कळल्यावरही माणूस खोट्यालाच चिकटून राहतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. राहतो, असं निघालं. शोध फार उपयोगी ठरला, सरांचं नाव झालं. त्या निम्म्यांतल्या ताईने वर्षाच्या आत शिक्षण सोडलं. वर्गात पहिली येणारी पोर आज घरभर चिठ्ठ्या चिकटवून जगते. गॅस बंद कर. किल्ली डाव्या खिशात. आजवर एक गोष्ट विसरलेली नाही, तरीही.

धाकटीने शब्द वाचले, सरांनी ऐकून परत सांगितले, तिने बरोबर शब्दांपुढे खुणा केल्या. पंधरापैकी चौदा. सत्तरीत एवढे कुणाला येतात? खोटा निकाल सांगितला तर नोकरी जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण राग वीस वर्षं मुरला होता.

"सहा," ती म्हणाली. "वयाच्या मानाने फार कमी आहेत, सर."

बोट खाली आलं. "मला वाटलं, बरे आठवले."

"तसं सगळ्यांनाच वाटतं."

तिने त्यांना पाणी दिलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं तसंच बसू दिलं. बरं वाटलं तिला, खोटं कशाला बोला. मग तिने कागद पुढे सरकवला.

"चौदा आहेत. मी खोटं बोलले. तुमच्या त्या प्रयोगातल्या एका मुलीची मी बहीण. तक्रार करायची तर खुशाल करा."

सरांनी खुणा मोजल्या. पुन्हा मोजल्या. ते आता भडकणार म्हणून ती सावरून बसली होती. पण ते मऊ आवाजात म्हणाले, "खुणा तुम्हीच केल्यात ना? समजूत काढताय माझी."

"सर, तुमचाच प्रयोग आहे हा. आठवतोय ना?"

"तो आठवतो. जुनं सगळं आठवतं. नवंच राहत नाही बघा." मग थोडं लाजून म्हणाले, "एक कागद द्याल? गाडी कुठे लावलीये, ते लिहून ठेवतो."

तिने दिला. त्यांनी मजला आणि खांबाचा नंबर अचूक लिहिला, कागद घडी करून खिशात ठेवला. तक्रार केलीच नाही.

घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं. सूड उगवला होता, ताईच्या तोंडून शाबासकी हवी होती. ताईने हातातलं काम थांबवून नीट ऐकलं.

"चौदा आहेत, असं सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. खुणांचा कागदही दाखवला."

"बिचारे," ताई म्हणाली. "माझी समजूत काढताना तर पंधरा सांगितले होते."