डावऱ्यांसाठी केलेलं

अमेरिकेतल्या हर्नडनच्या लतिका कानिटकरांना पिस्तूल घेण्याचं काहीच कारण नव्हतं, त्यामुळे ते घेताना घाईही झाली नाही. लेक नोकरीसाठी सनीव्हेलला गेली, घर मोठं वाटायला लागलं, आणि शेजारच्या रोझमेरीबाई एका गुरुवारी त्यांना बायकांच्या नेमबाजीला घेऊन गेल्या. भिशीसारखीच त्याचीही सवय लागली. पिस्तूल निवडलं मात्र जगन्नाथरावांनी. आयुष्यभर सॉफ्टवेअरमधले दोष शोधून ते निवृत्त झाले होते. कुकर घेताना जेवढे रिव्ह्यू वाचले त्याच्या दुप्पट पिस्तुलाचे वाचून त्यांनी बायकोला एक काळं, चौकोनी, कधीही न अडणारं पिस्तूल घ्यायला लावलं. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. जीव लावायलाही नव्हती.

त्या पिस्तुलावर लतिकाबाई हळूहळू पुढे सरकत क्लबच्या बायकांच्या संघात पोचल्या. येत्या रविवारी शेजारच्या क्लबशी सामना होता आणि संघाच्या टी-शर्टावर त्यांचं नाव छापून झालं होतं. भारतातल्या नातेवाइकांना ते अजून सांगायचं होतं.

फक्त त्यांची उभं राहायची तऱ्हा जरा निराळी होती. पिस्तूल उजव्या हातात आणि नेम डाव्या डोळ्याचा. त्यामुळे मान अशी कलायची, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई पिस्तुलाचं म्हणणं ऐकून घेताहेत. याचं मूळ मिरजेत होतं. लतिकाबाई जन्माने डावऱ्या. पण डाव्या हाताने प्रसाद घेतला की आई हातावर चापट मारायची, डाव्या हाताने दुकानदाराला पैसे दिले की तोही मारायचा, आणि शाळेत बाईंनी तर पेन्सिलच हातातून काढून घेतली होती. सगळ्यांनी मिळून तो हात सुधारला. आता हर्नडनच्या गणपतीत तीर्थ घेताना तो पाठीमागे जाऊन आपण होऊन गप्प बसायचा.

आणि गेल्या गुरुवारी नेमबाजीच्या रेंजवरच्या दुकानात, डेलच्या काचेच्या कपाटात, त्यांना ते रिव्हॉल्व्हर दिसलं.

डेल म्हणजे दुकानाचा मालक. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा. त्याने सांगितलं की जगातली बहुतेक सगळी रिव्हॉल्व्हरं उजव्यांसाठी असतात. गोळ्यांचं चक्र डावीकडे उघडतं, खटका उजव्या अंगठ्याखाली येतो. हे मात्र मुद्दाम डावऱ्यांसाठी केलेलं. चक्र उजवीकडे उघडतं. असली फार निघत नाहीत आणि निघाली की खपत नाहीत. पिस्तूल द्या आणि हे घेऊन जा, बरोबरीचा सौदा.

आठवडाभर लतिकाबाईंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. जगन्नाथरावांचं मत तयारच होतं. आठ-दहा गोळ्यांचं द्यायचं आणि पाच गोळ्यांचं घ्यायचं, याला ते प्रगती मानायला तयार नव्हते. शिवाय रविवारी काय करणार? लेकीला फोन केला तर ती म्हणाली, “मॉम, जस्ट डू युअर थिंग,” आणि मीटिंगला गेली.

गुरुवारी दोघं दुकानात आली. लतिकाबाईंनी चेहरा आधीच जमवून ठेवला होता. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून भांडी घेणाऱ्या आईच्या शेजारी त्या लहानपणी बसल्या होत्या. पातेलं आवडलं की आधी त्याला नावं ठेवायची, आणि बघायचं तर दुसऱ्याच भांड्याकडे, हा त्या विद्येचा पहिला धडा. त्यांनी रिव्हॉल्व्हर उचललं आणि नाक मुरडलं. पाचच गोळ्या. नळी आखूड. आणि हा खटका कुठे आहे? अंगठा पोचतच नाही. असं कोण बनवतं?

डेलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “लॅटिका, तुम्ही ते उजव्या हातात धरलंय.”

खरंच धरलं होतं. आठवडाभर डाव्या हाताचा विचार करून बाई आल्या होत्या, आणि वेळ आल्यावर उजवा हात न सांगता पुढे झाला होता.

त्यांनी ते डाव्या हातात घेतलं. इकडेतिकडे पाहिलं; कोणी चापट मारली नाही.

अंगठा आपोआप खटक्यावर आला. चक्र अलगद बाहेर आलं, कुणी दार उघडून ‘या’ म्हणावं तसं. निळसर काळ्या पोलादात दुकानातले दिवे लांबट होऊन पडले होते. अक्रोडाची मूठ तळव्यात अशी बसली, जणू तिचं माप घ्यायला कुणीतरी मिरजेला जाऊन आलं होतं. लतिकाबाईंनी चक्र बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. एवढ्या वर्षांत या हातासाठी म्हणून कुणी काही बनवलेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. कात्री नाही, विळी नाही, शाळेतला बाकसुद्धा नाही. कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी बसून विचार केला होता की डावरी माणसंही असतात, आणि त्यांना सुधारण्याऐवजी चक्र दुसरीकडे फिरवलं होतं.

“अजून काही खोट?” डेलने विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “फार सुंदर आहे.”

जगन्नाथराव खोकले. बायकोने दुकानदारासमोर वस्तूची स्तुती केलेली ते प्रथमच ऐकत होते.

डेलने पाच गोळ्या दिल्या. लतिकाबाई रेंजवर उभ्या राहिल्या, डावा हात, डावा डोळा, मान ताठ. जगन्नाथरावांना क्षणभर वाटलं की ही बाई उंच झाली. पाचही गोळ्या झाडून झाल्या. कागद कोरा होता. त्याला इजा करण्याचा गोळ्यांचा कोणताही इरादा दिसला नाही.

डेलने मिशी पुसली. मग समजुतीची गोष्ट सांगितली: रविवारपर्यंत पिस्तूल राहू द्या. सामना खेळा, सोमवारी या. मी हे बाजूला ठेवतो.

“बघ,” जगन्नाथराव मराठीत म्हणाले. “माणूस शहाणा आहे.”

“शहाणाच आहे हो,” लतिकाबाई म्हणाल्या. “पण ते पिस्तूल घरात असलं ना, की हात उजवाच पुढे येणार. सोमवारीही. पुढच्या सोमवारीही.”

त्यांनी तिथूनच रोझमेरीबाईंना फोन केला आणि संघातून नाव काढायला सांगितलं. रोझमेरीबाईंनी कारण विचारलं. हात बदलतेय, असं त्यांनी सांगितलं. मग काळं पिस्तूल पुसून, “गुणी आहे, सांभाळ,” असं बजावून त्यांनी डेलच्या हवाली केलं. कायद्याची चौकशी कॉम्प्युटरवर पार पडली, रिव्हॉल्व्हर त्यांचं झालं, आणि त्या पुन्हा रेंजवर गेल्या.

दुसरी फेरी कोरी. तिसरीत एक गोळी कागदाला लागली. पार उजव्या कोपऱ्यात, पण लागली.

जगन्नाथरावांनी तो कागद उतरवून घेतला, चष्मा वर करून उजेडाकडे धरला, आणि जन्मभर दोष शोधलेल्या माणसाच्या गांभीर्याने नीट तपासला.

“नेम बरोबर आहे तुझा,” ते म्हणाले. “कागदच यांनी फार डावीकडे लावला होता.”