ट्रकच्या तेलपट्टीची खोटी साक्ष

मित्रांनो, बोटभरही रुंद नसलेल्या माझ्यासारख्या लोखंडी पट्टीला रोज सकाळी एका मोठ्या ट्रकच्या प्रकृतीची साक्ष द्यावी लागायची, हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. मी इंजिनातलं तेल मोजणारी पट्टी. पुस्तकात मला डिपस्टिक म्हणतात, ड्रायव्हर मंडळी नुसतं ‘गेज’ म्हणतात. लांबी हातभर, वर धरायला कडी आणि खालच्या टोकाला दोन खुणा. वरची खूण तेल पुरेसं असल्याची, खालची ते उणं पडल्याची. एवढाच माझा संसार, पण माझा तोरा विचारू नका. इंजिनातले बाकीचे सगळे नुसता खडखडाट करतात, खरं काय ते मी एकटीच सांगते, असं मला वाटायचं. गर्वाचं घर खाली असतं, ते कसं ते ऐका.

एकोणसत्तर साली एका कारखान्यात मला कापलं, घासलं आणि माझ्यावर खुणा ठोकल्या. तपासनीस साहेबांनी मला डोळ्यांसमोर धरून “पास” म्हटलं, तो शब्द मी आजही विसरलेले नाही. आधी काही वर्षं मी लष्कराच्या ट्रकमध्ये होते. पुढे तो ट्रक लिलावात निघाला आणि हिंदुराव जगतापांनी घेतला. हिंदुराव साताऱ्याकडचे, फौजेत हवालदार ड्रायव्हर होते. दिल्ली छावणीतून पेन्शनीत निघाल्यावर गावी न जाता ते गाझियाबादला राहिले. ट्रान्सपोर्टच्या मैदानाला लागून त्यांची दोन खोल्यांची जागा होती. बायको तानूबाई घर बघायची. ट्रक चालवायला त्यांनी बळवंत शिंद्यांना बोलावून घेतलं. बळवंत त्यांच्याच तालुक्यातला, त्यांच्याच पलटणीतला, त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

त्या दिवसांत मयूर विहारला सोसायट्या उभ्या राहत होत्या. कधी आम्ही तिकडे विटा न्यायचो, कधी आर. के. पुरमहून बदली झालेल्या एखाद्या साहेबांचा संसार लादायचो. सामान लादताना त्या घरच्या बाई “अहो, पाटा-वरवंटा खाली ठेवा हं, आणि ती बरणी लोणच्याची आहे!” असं मराठीत ओरडल्या की बळवंतला गावी आल्यासारखं वाटायचं.

फौज सुटली तरी फौजेची सवय सुटत नाही. रोज सकाळी सहाला आमची ‘फर्स्ट परेड’ व्हायची. हा शब्द पलटणीतला. गाडी सुरू करण्याआधी तेल, पाणी, हवा बघायची, म्हणजे फर्स्ट परेड. बळवंत मला बाहेर ओढायचा, तानूबाईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने स्वच्छ पुसायचा, पुन्हा आत घालून काढायचा आणि हिंदुरावांसमोर आडवी धरायचा. तेलाची ओल कुठवर चढली ते दोघं बघायचे. ती खुणेपर्यंत असली की हिंदुराव म्हणायचे, “ओके रिपोर्ट!” मग चहा. अशी बारा वर्षं गेली आणि त्या बारा वर्षांत माझा शब्द एकदाही खोटा ठरला नाही.

इंजिनाच्या पोटात तेल कसं फिरतं, ते थोडक्यात सांगते. इंजिनाच्या तळाला एक पसरट पेटी असते, तिला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. तेल तिथे साठतं. पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टर गाळतो आणि मग ते बारीक वाटांनी बेअरिंगांपर्यंत जाऊन परत चेंबरमध्ये ठिबकतं. हे फिरणं थांबलं की लोखंड लोखंडाला खातं. मग इंजिन जाम होतं आणि मालक रस्त्यावर येतो.

शहाऐंशीच्या मे महिन्यात हा धोका अगदी दाराशी आला. बाहेर लू, म्हणजे तिकडची भाजून काढणारी हवा, वाहत होती आणि यमुनेच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. उकळत्या इंजिनात तेल पाण्यासारखं पातळ झालं आणि तेलाच्या प्रेशरचा काटा खाली घसरला. बळवंतने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. मागच्यांनी हॉर्न वाजवून त्याचे कान किटवले, पण तो ढिम्म हलला नाही. त्या दिवशी त्याने इंजिन वाचवलं, हे ध्यानात ठेवा.

हिंदुरावांनी मनावर घेतलं. मैदानातल्याच यामीन मिस्त्रींकडे गाडी उभी केली. चेंबर खाली उतरवलं तर तळाला बोटभर काळा गाळ आणि जाळी अर्धी बुजलेली. तो गाळ पाहून मलाच लाज वाटली, कारण तेल किती आहे ते मी सांगायचे, कसं आहे ते मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मिस्त्रींनी सगळं डिझेलने धुतलं आणि नवा पंप बसवला. जुना कापडी फिल्टर आम्ही वर्षानुवर्षं धुऊन परत घालायचो. तो काढून, आट्यांवर फिरवून बसवायचा बंद डब्याचा फिल्टर आला. आणि तेल गार करायला रेडिएटरपुढे एक कूलर लागला. इंजिनाला जणू नवं रक्त मिळालं, आम्ही सगळे खुशीत होतो.

माझी कर्मकथा इथून सुरू होते. कूलरचा गरम पाइप नेमका माझ्या नळीजवळून गेला. मी ज्या नळीतून आत उतरते, ती जुनी नळी मिस्त्रींनी काढली आणि दुसऱ्या इंजिनाची थोडी लांब नळी बसवली. “ऊँची रहेगी तो ड्राइवर का हाथ नहीं जलेगा,” ते आपल्याशीच म्हणाले. त्यांच्या मनात काळजीच होती, पण माझी कडी नळीच्या तोंडावर टेकते. नळी दोन बोटं उंच झाली, म्हणजे मीही दोन बोटं वर लटकले. चेंबर पुरेसं भरलं तरी माझी खूण कोरडीच राहिली. मिस्त्रींनी तेल ओतलं, आणखी ओतलं, खूण भिजेपर्यंत ओतलं. हिंदुराव म्हणाले, “नया कूलर, नया फिल्टर, तेल तो ज़्यादा लगेगा ही.” सगळ्यांना ते पटलं. मलासुद्धा पटलं.

तिसऱ्या दिवसापासून नवल सुरू झालं. सकाळी बघावं तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. हिंदुराव दोन लिटरचा डबा द्यायचे, बळवंत तो ओतायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. हिंदुराव गाडीखाली पालथे पडून बघायचे, जमिनीवर थेंब नाही. सगळे जोड सुके. बरं, रस्त्यात प्रेशरचा काटाही मधूनच खाली पडायचा, आणि बळवंत घरी येऊन तसं सांगायचा.

“गळती नाही, मग तेल जातं कुठं?” हिंदुराव स्वतःशी पुटपुटायचे. मनात एकदा शंकेची पाल चुकचुकली की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

आठव्या सकाळी परेडला चार-पाच ड्रायव्हर भोवती चहा पीत उभे होते. मी बाहेर निघाले, खालच्या खुणेच्या खाली ओली. हिंदुरावांचा तोल गेला.

“बळवंता, काल दोन लिटर दिलं होतं. ओतलंस?”

“ओतलं की. डबा पण रिकामा आणून दिला.”

“डबा रिकामा होतोच. तेल इंजिनात गेलं का दुसऱ्याच्या गाडीत, ते सांग.”

बळवंतचा चेहरा पांढरा पडला. “हिंदुराव, काय बोलताय? चोर म्हणताय मला?”

“मी नाही म्हणत, ही पट्टी म्हणतेय,” हिंदुराव मला हवेत हलवत म्हणाले. “पट्टी झूठ नहीं बोलती!” हे शेवटचं त्यांनी हिंदीत म्हटलं, म्हणजे भोवतालच्या सगळ्यांना कळावं.

मित्रांनो, जीभ असती तर मी तेव्हा किंचाळले असते. मला तरी कुठे ठाऊक होतं, चूक कुठे आहे ते? पण बळवंतने तेल ओतताना मी रोज पाहिलं होतं. डब्याच्या तळाचा शेवटचा थेंबसुद्धा तो निथळून घ्यायचा. आणि माझ्याच नावाने त्याच्यावर आळ आला. मान खाली घालायचीही सोय नसते पट्टीला.

बळवंतने किल्ली बॉनेटवर ठेवली. “संध्याकाळच्या गाडीने गावी जातो,” तो म्हणाला. एवढ्यात तानूबाई गरम दशम्यांचा डबा घेऊन आली. काय झालं ते तिला चेहऱ्यांवरूनच कळलं.

“अहो, अठरा वर्षं एका ताटात जेवलात ना दोघं?” ती नवऱ्याला म्हणाली. “माणूस घालवायचाच असेल तर आधी खात्री तरी करा. भावजी, तुम्ही पण थांबा. असं तोंड लपवून गेलात तर लोक खरंच मानतील.”

बळवंतने जरा विचार केला. मग फौजेत उभा राहायचा तसा ताठ झाला. “चेंबर खोला,” तो म्हणाला. “सगळं तेल काढून मोजा. पुस्तकात चौदा लिटर लिहिलंय. पट्टीच्या हिशोबाने आज अकरापण नसणार. तेवढंच निघालं तर मी चोर. मग इथंच सगळ्यांसमोर कान पकडतो.”

यामीन मिस्त्री पान्हा घेऊन गाडीखाली शिरले. पाच लिटरचं माप आणलं. चेंबरचा बोल्ट सुटला आणि काळं तेल धारेने खाली आलं. पहिलं माप भरलं. दुसरं भरलं. दहा लिटर झालं, तेव्हा हिंदुराव हाताची घडी घालून उभे होते. आता धार बारीक होणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. धार जोरात चालूच. तिसरं माप काठोकाठ भरलं. मिस्त्रींनी चौथं लावलं. हिंदुरावांची घडी सुटली. चौथ्या मापात दोन लिटर पडल्यावर धार तुटून ठिबकू लागली.

“सत्रह!” मिस्त्री गाडीखालून ओरडले. “हवालदार साहब, सत्रह लीटर! कम कहाँ है, तीन ज़्यादा है!”

 तानूबाई वाकून मापात बघू लागली. तेलावर करडा फेस होता. “हे तर घुसळलंय,” ती म्हणाली. “डेरा काठोकाठ भरून रवी फिरवली तर ताक अंगावर येतं. तुमच्या त्या इंजिनात काय फिरतं हो?”

“क्रँक,” हिंदुराव हळूच म्हणाले, आणि मटकन स्टुलावर बसले. त्यांना एका झटक्यात सगळं उमगलं. तेल इतकं वर आलं होतं की क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, त्यात फटके मारत होता. त्याने तेलाचा फेस होत होता आणि फेसामुळे प्रेशर पडत होतं. जास्तीचं तेल गाडी चालत असताना इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपातून रस्त्यावर उडत होतं. उभ्या गाडीखाली थेंब दिसणार कुठून? जेवढं उडालं, तेवढं हे रोज पुन्हा ओतत होते.

मिस्त्री भंगाराच्या ढिगाकडे धावले आणि माझी जुनी नळी घेऊन आले. इंजिनातली नळी काढून दोन्ही शेजारी ठेवल्या. बरोबर दोन बोटांचा फरक. “या अल्लाह, ये तो मैंने बदली थी,” ते कपाळाला हात लावत म्हणाले. “बलवंत भाई, ग़लती मेरी है। गेज का भी क़सूर नहीं।”

गेज का भी क़सूर नहीं! मित्रांनो, त्या क्षणी जे हलकं वाटलं, ते मी कसं सांगू? सुटले बाई, असं वाटलं. बळवंत सुटला, मी सुटले आणि आणखी आठ दिवसांत जळून गेलं असतं ते इंजिनही सुटलं. बेअरिंग उघडून पाहिली, त्यांना नुसती झळ लागली होती.

हिंदुराव मात्र स्टुलावर बसूनच होते. तानूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग ते उठले आणि मैदानाच्या मधोमध गेले. सकाळचे ते सगळे ड्रायव्हर तिथेच होते. हिंदुराव छावणीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सुबह मैंने बलवंत को सबके सामने चोर कहा। मैं ग़लत था। सबके सामने वापस लेता हूँ।” मग मराठीत, खालच्या आवाजात म्हणाले, “बळवंता, माफ कर. लोखंडावर भरवसा ठेवला आणि तुला विसरलो.”

 बळवंतच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याने पुसलं नाही. मग त्याने मला उचलून हिंदुरावांच्या हातात दिलं. “उद्यापासून पट्टी तुम्ही काढायची,” तो म्हणाला. “तेल तुम्ही ओतायचं. रिपोर्ट मी घेणार.”

“बिल्कुल,” हिंदुराव म्हणाले. तानूबाईने दोघांच्या हातांवर दशम्या ठेवल्या आणि खाईपर्यंत तिथून हलली नाही.

लांब नळी दोन बोटं कापून नीट केली. मोजून चौदा लिटर तेल चेंबरमध्ये घातलं, कूलर आणि फिल्टरचं वेगळं धरलं, आणि माझी वरची खूण बरोबर भिजली. त्यानंतर अकरा वर्षं रोज सकाळी मालक इंजिनावर वाकायचा आणि ड्रायव्हर ताठ उभा राहून म्हणायचा, “ओके रिपोर्ट!” तेल वेळेवर बदललं गेलं, फिल्टर कधी धुऊन परत घातला नाही, चेंबरच्या तळाला पुन्हा कधी गाळ साचला नाही. आता ते इंजिन निवृत्त झालं आहे आणि मी मिस्त्रींच्या दुकानात खिळ्याला लटकते आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असो की मोटार, तिची रोज विचारपूस करा. पण काळजी म्हणजे नुसतं ओतत राहणं नव्हे, हेही लक्षात असू द्या. आणि एखाद्या दिवशी माप एक सांगेल आणि तुमचा माणूस दुसरं सांगेल, तेव्हा आधी मला तपासा. मला वाकवा, घासा, भिंगाखाली धरा, दहादा खोटी ठरवा. मी लोखंडाची आहे, मला काही लागत नाही.