जयगावला निघालेली भाड्याची गाडी

मी भाड्याची गाडी बोलतेय. माझ्या कपाळावरची काळी पाटी आणि तिच्यावरची पिवळी अक्षरं पाहिलीत ना? म्हणजे किल्ली कुणीही घ्यावी, चालवावी आणि संध्याकाळी परत आणून द्यावी. 'माझी गाडी' म्हणणारं मला कुणी भेटलंच नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटतं.

माझा जन्म लांबच्या कारखान्यातला, पण संसार वाशीमचा. स्टँडमागे अमरदीपभाऊंच्या शेडमध्ये मी उभी असते. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. राजे गेले, पण पुण्यामुंबईहून सुट्टीला आलेली मंडळी राजधानीच्या आसपासचा मुलूख बघायला मला घेऊन जातात. मुलूख कमीच बघतात, स्वतःचे फोटो जास्त काढतात. सीटवर चिवडा सांडतात आणि दार असं आपटतात, जणू मी त्यांचं घोडं मारलंय.

यंदा रामनवमी झाली आणि समीक्षा मला न्यायला आली. वाशीमजवळ भाजीपाला पिकवणाऱ्या चंपतरावांची ही मुलगी, पुण्यात नोकरीला. मागे तिची आजी हौसाबाई बसली, मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं, ही काही सहल नव्हे.

चंपतराव तान्हे असताना हौसाबाईला तापाने घेरलं आणि तिचं दूध आटलं. तेव्हा मळ्यात मजुरीला आलेल्या, बंजारा तांड्यावरच्या हिरीबाईने आपल्या तान्ह्या राजपालबरोबर चंपतलाही पाजलं. पुढे दोघी दरसाल भेटायच्या त्या संत सेवालालांच्या पोहरादेवीला, रामनवमीच्या यात्रेत, ठरलेल्या एका झाडाखाली. त्यानंतर ना ही तिच्या घरी गेली, ना ती हिच्या. यंदा मात्र हिरीबाई आलीच नाही. हौसाबाई दिवस कलेपर्यंत तिथे वाट बघत बसली होती.

"जित्ती हाये का नाई, एवढंच पाहू दे मले," आजी म्हणाली.

"गाव कुठलं तिचं?"

"जयगावचा तांडा."

इथेच सगळा घोटाळा झाला. आमच्या वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. केळं म्हणजे केयं, डोळा म्हणजे डोया. पुण्याच्या होस्टेलात त्या 'केयं'वरून मुली समीक्षाला फार हसल्या होत्या. तेव्हापासून तिने जिभेला वळण लावलं होतं. कानावर 'य' पडला की ती मनातल्या मनात त्याचा 'ळ' करून टाकायची. तिने फोनवर जळगाव टाकलं. पोहरादेवीला तर कुठून कुठून माणसं येतात, तिला त्यात वावगं वाटलं नाही. मला काय, जिकडे चाक वळवाल तिकडे मी. आम्ही काचा बंद करून निघालो.

आजी डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. रिसोडच्या बाजारात सोयाबीनची पोती आणि जीपगाड्यांचे भोंगे यांत मी अडकले, तेव्हा तिने डोळे उघडले.

"पोरी, हे रिसोड होय?"

"हो, आजी."

"मंग सकायचं ऊन माह्या पाठीवर कायले पडून राह्यलं? पोहरादेवीकडं जातानी थे तोंडावर रायते. तू मले कुठी नेऊन राह्यली?"

"जळगावला. तूच म्हणालीस ना?"

"जयगाव म्हनलं व मी, पोहरादेवीकडचं! जय सेवालाल म्हनतेत ना, थो जय!"

समीक्षाने स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "पुण्यात हसतात म्हणून मी सगळे 'य' पुसून टाकले गं, आजी."

"बरं, हा एक राहू दे," आजी म्हणाली.

समीक्षाने मला वळवलं, काचा खाली केल्या, आणि मी सुटले. उलटं वाशीम ओलांडलं, मंगरूळपीर मागे टाकलं, मानोऱ्याकडच्या वाटेने विचारत विचारत दुपारी जयगावच्या तांड्यावर पोचलो. एका अंगणात केस पांढरे व्हायला लागलेला एक माणूस उभा होता. आजीने हिरीबाईचं नाव घेतलं.

"तुमी कोन?" त्याने विचारलं.

"हौसाबाई. वाशीमची."

तो तिच्याकडे बघतच राहिला आणि घरात पळाला. आजीने माझं दार घट्ट धरलं. मलाही भीती वाटली.

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "वांगी आनली का नाई यंदा?"

आजी मटकन माझ्या सीटवर बसली. "मेली नाई व तू! मेली नाई!" ती रडत होती आणि हसत होती. माझ्या अंगावरूनही एखादं ओझं उतरवल्यासारखं झालं.

हिरीबाई पाय घसरून पडली होती. पाय प्लास्टरात, म्हणून यात्रा चुकली. "आईनं मले धाडलं होतं," तो माणूस म्हणाला, राजपालच तो, "पन मी तुमाले कदी पाह्यलंच नव्हतं. झाडाखाली म्हाताऱ्या लय होत्या."

मग त्याने आईला उचलून माझ्यात बसवलं. चुकलेलं दर्शन दोघींनी पोहरादेवीला रस्त्यावरूनच, खिडकीतून हात जोडून घेतलं. वाटभर मागे एवढी बडबड चालली होती, की फोन वळायला सांगायचा आणि समीक्षाला ऐकूच यायचं नाही.

हिरीबाईच्या ओढणीवरचा एक बारका आरसा अजून माझ्या सीटच्या फटीत अडकलेला आहे. तुम्हीही मला खुशाल न्या, फोटो काढा. फक्त काचा थोड्या खाली करा, आणि मागे बसलेलं माणूस काय म्हणतंय ते नीट ऐका. पुढच्या रामनवमीला मात्र माझी किल्ली मागू नका. परत करताना समीक्षा अमरदीपभाऊंना सांगून गेली आहे, "त्या दिवशी आमची गाडी कुणाला देऊ नका, भाऊ."

आमची गाडी, म्हणाली ती.